काश्मीरचा रस्ता

कपाट आवरताना भारताचा जुना नकाशा सापडला. त्याच्या कुबट वासासरशी मी डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात पोचले.

होळी नुकतीच झालेली. बाबा जमिनीवर नकाशा पसरून काश्मीरपर्यंतचा रस्ता आखत होते. "एवढी गाडी चालवणं मला एकट्याला नाही झेपणार गं," म्हणत त्यांनी पेन खाली ठेवलं.

आईने पोळ्या लाटायच्या थांबवल्या, हात पुसले आणि डाळीच्या डब्यामागून ड्रायव्हिंग लायसन्स काढून नकाशावर ठेवलं.

"अर्धी मी चालवीन."

बाबांनी लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं. मी टाळ्या पिटल्या.

तीन महिने शिवणाच्या क्लासला जाणाऱ्या आईने एकही पोलकं शिवलं नव्हतं, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं! आता हसू येतं, थोडी लाजही वाटते.

श्रीनगरात गाडी शिरली तेव्हा स्टिअरिंग तिच्याच हातात होतं.