आगोटीत न भरलेल्या गोळ्या

"समुद्र नाही अशा जागीही आवाज येतात का?" मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं.

"येतात साहेब. आत्ता या खोलीतसुद्धा येतायत."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या दुखण्याला नाव मिळालं ते त्या क्षणी.

मी सोलापूरकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पुढे कस्टमच्या चौकीवर शिपाई म्हणून काशीदला लागलो. त्याआधी समुद्र बघितला नव्हता. त्यामुळे लाटांच्या आवाजातून कोणी माझं नाव घ्यायला लागलं तेव्हा मला वाटलं, समुद्र असाच असतो, इथल्या लोकांना सवय आहे, आपल्यालाही होईल. चार महिने मी कोणाला बोललो नाही. मग ते आवाज माझ्या चुका काढू लागले, तुला धरून न्यायला माणसं निघालीत म्हणू लागले. जेवण सुटलं. मी ज्यांच्या ओटीवरच्या खोलीत राहत होतो त्या भागीरथीकाकूंनी शेवटी मला हाताला धरून बोटीत घातलं आणि मुंबईला आणलं. माझी त्यांची ना जात एक, ना गाव एक.

डॉक्टर म्हणाले, "याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. म्हणजे जे नाही ते ऐकू येतं आणि ते खरं वाटतं. तुझी अक्कल गेलेली नाही. दहा वर्षांपूर्वी आला असतास तर मला फार काही करता आलं नसतं. आता यावर गोळी निघाली आहे."

त्या गोळीचं डबीवरचं, कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून कोणी परस्पर दुकानात जाऊ नये. रोज तीन गोळ्या. पहिले पंधरा दिवस मी चालता चालता झोपायचो, तोंडाला कोरड पडायची, आणि उन्हात उभं राहिलं की हातांची कातडी लाल होऊन चुरचुरायची. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "बाह्या लांब घाल, टोपी घाल, गोळी सोडू नको." मी तेच केलं. महिन्याभरात आवाज लांब गेले. मग एके दिवशी दुपारी चौकीच्या बाकावर बसून मी एक अख्खी पावाची लादी खाल्ली आणि लक्षात आलं, सकाळपासून मला कोणी बोलावलेलंच नाही.

गावाकडे मी यातलं काही कळवलं नव्हतं. आमच्या गावात एका माणसाला गोठ्यात बांधून ठेवलेलं मी लहानपणी बघितलं होतं. बायकोला, सखूला, पत्र गेलं ते एवढंच की तब्येत बरी आहे, हवा मानवली.

गोळ्या मुंबईहून यायच्या. बोटीवर काम करणारा काशीदचा एक खलाशी दर महिन्याला चिठ्ठी दाखवून घेऊन यायचा. पावसाळ्यात बोट बंद होते हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. त्यांनी वैशाखातच चिठ्ठीवर चार महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

आता इकडची, काशीदची पद्धत सांगतो. मे महिन्यात घरोघर आगोट भरतात. म्हणजे पावसाच्या चार महिन्यांसाठी तांदूळ, मिरची, सुकट, बोंबील, लाकडं, सगळं घरात आणून ठेवायचं. काकूंची आगोट म्हणजे लग्नघर. मुंबईहून आणायच्या सामानाची यादी मी लिहायचो आणि त्या सांगायच्या. यादीच्या शेवटी मी माझ्या गोळ्या लिहिल्या आणि वाचून दाखवल्या.

"खोड ते," काकू म्हणाल्या.

"का हो?"

"आगोटीत दवा भरतात काय रे? भरलेलं सगळं खायला लागतं. चार महिन्यांची दवा ठेवलीस तर दुखणं चार महिने बसंल. महिन्याची आण. मग बघू. तू आता बरा हायस."

मी खोडलं. काकूंवर खापर फोडत नाही. मलाही तेच ऐकायचं होतं. मी बरा झालो असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की किती गोड वाटतं ते ज्याला हे दुखणं झालंय त्याला विचारा.

आषाढ लागला तेव्हा डबीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. मी घाबरलो आणि मोठी चूक केली. गोळ्या पुरवायला लागलो. अडकित्त्यानं अर्धी करायची आणि अर्धी घ्यायची. गोळीवरचं साखरेचं कवच फुटलं की आतली पूड जिभेला लागून जीभ बधिर व्हायची. तिसऱ्या दिवशी झोप गेली. पाचव्या दिवशी पन्हळीच्या धारेत कोणीतरी कुजबुजलं. शब्द कळले नाहीत, पण माझ्याबद्दलच होतं ते.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर एवढं ऐका. गोळ्या संपायच्या आत बोला. अर्ध्या करत बसू नका.

मी काकूंना सांगितलं. त्या चुलीपुढे होत्या, तशाच उठल्या. "माज्या जिभेला काय झालं होतं त्या दिवशी!" म्हणाल्या आणि माझी छत्री हातात देऊन मला दारातून ढकललंच. "जा. आधी तुज्या सायबाला सांग."

मला भीती होती ती याचीच. चौकीवर कोणाला माहीत नव्हतं. कळलं तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की गावाला परत, त्या गोठ्याच्या गावाला. पण कारण सांगितल्याशिवाय रजा मिळणार नव्हती. साहेबांपुढे उभं राहून मी सगळं सांगितलं. आवाजाचं, मुंबईचं, गोळीचं.

साहेबांनी हजेरीचं पुस्तक उघडून बघितलं. मग म्हणाले, "वर्षभर तुझा एक खाडा नाही. ते त्या गोळीमुळे?"

"होय साहेब."

"मग इथं काय उभा राहिलास? गाडी चुकेल."

साळावपर्यंत एसटी, तिथून खाडी ओलांडून रेवदंडा, पुढे पुन्हा एसटीनं अलिबाग; मुंबईची बोट बंद असताना औषधाचं मोठं दुकान तिथंच. खाडीला उधाण होतं, तरीवाल्यानं दोन तास होडी सोडली नाही. मी त्याला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "पाव्हणं, पाण्याला घाई सांगू का?" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. हसता येतंय याचा आधार वाटला.

अलिबागच्या औषधाच्या दुकानात गुजराती शेटजींनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. "आ कंपनीचा माल आपल्याकडे येत नाय, भाऊ. मुंबईलाच. त्याच्या बदली ही घे, झोपेची, एकदम सरस."

"पण तीच आहे का ही?"

"तीच नाय. पण झोप येते ना? मग बस."

बाटली माझ्या हातात होती. घ्यावी असं फार वाटलं, कारण झोप मला हवीच होती. पण डॉक्टरांनी मला झोपेची गोळी दिली नव्हती. मी बाटली परत ठेवली. त्या सगळ्या आजारात मी स्वतःच्या अकलेनं केलेलं हे पहिलं काम.

तिथून सरकारी दवाखान्यात गेलो. बाकावर खोकणारी माणसं, पाय मोडलेला एक कोळी, मी, सगळे ओले. माझा नंबर आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हे कंपनीनं ठेवलेलं नाव. औषधाचं मूळ नाव क्लोरप्रोमॅझिन. दुकानात या नावाची बाटली नसेल, पण औषध आमच्या साठ्यात आहे." त्यांनी मूळ नाव चिठ्ठीवर ठळक लिहिलं, किती मिलिग्रॅम तेही लिहिलं, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. रंग वेगळा होता. मी विचारलं, "हीच ना?" ते म्हणाले, "हीच. पंधरा दिवसांनी ये, पुढच्या देतो. आणि घरी कोणाला माहीत आहे?"

"गावाकडे नाही."

"सांग. हे दुखणं एकट्यानं सांभाळायचं नाही."

आठवड्याभरात झोप आली, कुजबूज गेली. मग बसून सखूला चार पानं लिहिली. गोळीचं मूळ नाव लिहिलं, गोठ्यातल्या माणसाची आठवणही लिहिली, आणि शेवटी लिहिलं की तुला माहेरी जायचं असेल तर मी अडवणार नाही. पाकीट खळीनं दोनदा चिकटवलं.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. सखूला लिहिता येत नाही, गावच्या गुरुजींकडून लिहून घेतलं होतं. पाकीट नव्हतं, साधं कार्ड होतं, पोस्टात कोणीही वाचावं असं उघडं. वर ठळक अक्षरात क्लोरप्रोमॅझिन. खाली एवढंच: "नाव गुरुजींनी पाच वेळा म्हणून घेतलं, पाठ झालं. सासूबाईंना सांगितलं. बोट सुरू झाली की मी येते."