साठ प्रश्नांची आयती नावं

साठ प्रश्नांच्या रकान्यांना एकेक नाव कोण टाइप करत बसणार? मी संगणकालाच सांगितलं, तूच दे. आर नावाच्या संगणकभाषेत त्याला एक ओळ पुरते: जेवढे रकाने तेवढी नावं, व्ही एक, व्ही दोन, असं शेवटपर्यंत. लातूरला तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि सुट्टीत नांदेडला पीएचडीच्या मार्गदर्शकांकडे पळायचं, अशा बाईची पाच मिनिटं वाचली तरी खूप.

पाहणी बायकांच्या आरोग्याची होती. मुदखेडकडच्या गावांची एक फाइल, जळकोटकडची दुसरी. दोन्हींवर तीच ओळ चालवली. जळकोटला व्ही एकतीसखाली जवळजवळ सगळीकडे 'नाही'. एकतिसावा प्रश्न होता, दवाखान्यात जायला घरच्यांची परवानगी लागते का? मार्गदर्शक खूश. "जळकोटच्या बायका भलत्याच मोकळ्या निघाल्या की, मॅडम! प्रकरण यावरच उभं करा." केलं. चाळीस पानं लिहिली.

सोमवारी प्रकरण द्यायची शेवटची मुदत. शनिवारी साठाव्या प्रश्नाचा तक्ता करायला बसले, तर जळकोटच्या फाइलीत व्ही साठ नाहीच! एकोणसाठवरच गाडी थांबलेली. मग आठवलं. अठ्ठाविसावा प्रश्न नवऱ्याच्या नावाचा होता. जळकोटकडं माझ्यासोबत फिरणारी आशाताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "म्हाताऱ्या बाया मालकाचं नाव घेत न्हाईत, मॅडम. उगं कशाला विचारायलात?" मीच शहाणपणानं तिकडच्या फॉर्मवरून तो प्रश्न काढला होता. पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले. व्ही एकतीसखाली उत्तरं होती बत्तिसाव्या प्रश्नाची: स्वतःचा मोबाइल आहे का?

असा संताप आला स्वतःचा! संगणकावर चिडून काय उपयोग, त्यानं सांगितलं तेवढंच केलं. प्रश्नाला 'परवानगी' असं साधं नाव दिलं असतं, तर टाइप करतानाच चूक दिसली असती.

जळकोटच्या फॉर्मचा गठ्ठा सोडला. वरच्याच फॉर्मवर परवानगीच्या प्रश्नापुढे 'हो', आणि शेजारी पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात: 'चार दिवस तापात पडून. मालक गावाहून आल्यावर दवाखाना.' त्या बाईच्या ओसरीवर बसून, तिचा चहा पिऊन मी हे लिहून घेतलं होतं. आणि चाळीस पानांत मी तिलाच मोकळी म्हणत होते.

सोमवारी मी प्रकरण दिलं नाही.