डाव्या हाताचा निरोप

निघताना माझ्या सॅकमध्ये परतीची दोन तिकिटं होती. एक माझं, एक सईचं.

सई आमची एकुलती एक मुलगी. अमेरिकेत आमच्या कॅरी गावात वाढली, इथेच शिकली आणि बायोलॉजीची डिग्री हातात पडल्यावर नोकरी बघायचं सोडून एका स्वयंसेवी संस्थेतर्फे थेट सेनेगलला गेली. तिथल्या एका खेड्यात बायकांना भाजीचे मळे उभे करायला मदत करायची, असं काम. मुदत दोन वर्षांची. ती या मे महिन्यात संपत होती आणि पोरगी म्हणत होती, अजून एक वर्ष राहते. मग काय, रोज फोनवर भांडण. शेवटी तिनेच तोड काढली. "बाबा, डील करू. तू ये. एक आठवडा राहा, सगळं बघ. त्यानंतरही 'चल' म्हणालास तर नो आर्ग्युमेंट, मी बॅग उचलून तुझ्याबरोबर येईन."

बायकोला, म्हणजे नीताला, लॅबमधून सुट्टी मिळेना. तिने दारातच बजावलं, "दोघं या. एकटे आलात तर माझ्याशी बोलायचं नाही."

मे महिन्यात तिकडे कोण जातं, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. तिकडे पावसाळा जूनच्या शेवटी. त्याआधीचे दोन महिने म्हणजे नुसती भट्टी. मी म्हटलं, राजेहो, मी नागपूरचा आहे. पंचेचाळीस डिग्रीत सायकलवर कॉलेजला गेलोय. उन्हाचं मला काय सांगता! आमच्या गावाहून थेट विमान नाही, म्हणून चार तास गाडी हाकत अ‍ॅशबर्नला गेलो, मित्राच्या दारात ती लावली, त्याने विमानतळावर सोडलं आणि आठेक तासांनी मी डाकारजवळ उतरलो. समुद्राचा गार वारा सुटला होता. म्हटलं, हाच का तो उन्हाळा?

सई घ्यायला आली होती. काळवंडली होती, वाळली होती, आणि डोक्याला बांधलेल्या रंगीत फडक्यामुळे क्षणभर ओळखूच आली नाही. मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "चल, सेत-प्लास भरत आलीये." सेत-प्लास (सात जणांची जुनी, लांबुडकी गाडी) म्हणजे आपली विदर्भातली काळी-पिवळीच. भरल्याशिवाय हलत नाही. मागच्या सीटवर माझे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि शेजारच्या काकूंच्या मांडीवर एक जिवंत कोंबडी होती.

तासाभरात समुद्र मागे राहिला आणि वारा फिरला. खिडकीतून आत येत होती ती हवा नव्हे, झळ. दोन्ही बाजूंना कापणी होऊन गेलेली बाजरीची उघडी रानं, त्यांत गोरखचिंचेची अवाढव्य झाडं, अंगावर पान नाही. पण प्रत्येक गावाच्या तोंडाशी कडुनिंब. आणि एका फाट्यावर चक्क गुलमोहर, लालभडक फुललेला! इतक्या लांब येऊन ओळखीची झाडं भेटली याचा मला इतका आनंद झाला की मी सईला तीनदा दाखवला. "आय सॉ इट, बाबा," ती हसत म्हणाली.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सई ज्यांच्या घरी राहते त्या याय फातू (याय म्हणजे आई) अंगणात उभ्याच होत्या. साठीच्या, उंच, चालण्यात ठसका. गावाने सईचं नाव अवा ठेवलंय, त्यामुळे मी झालो बाय अवा, अवाचा बाप. याय फातू आत गेल्या, सावलीतल्या रांजणातून पत्र्याच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

मी काय करावं? हात हलवून "नो नो, थँक यू" म्हणालो आणि सॅकच्या खिशातली माझी बाटली काढून दाखवली.

याय फातूंचा चेहरा पडला. पेला तसाच धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. अंगणातल्या गप्पा थांबल्या. सई दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा! इथे पाहुण्याला आधी पाणी देतात. मगच ख्यालीखुशाली. हे डीप बोअरचं पाणी आहे, मी दोन वर्षं तेच पिते."

माझ्या कानशिलात बसावी तसं झालं. नागपूरला उन्हातून कोणी आलं की आई आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायची, आणि पाण्याला नको म्हणणाऱ्या माणसाबद्दल मागाहून आठ दिवस बोलायची. वीस वर्षं प्रत्येकाची बाटली वेगळी असलेल्या देशात राहून मी तो माणूस झालो होतो. पण आता परत कसं मागायचं?

जेवायला एकच मोठी परात, भोवती आठ जण. पहिल्या दिवशी लाख होतं (बाजरीच्या शिजवलेल्या कण्यांवर गोडसर दही). पहिला घास घेतला आणि मला ताक-कण्याच आठवल्या. याय फातू परातीच्या मधल्या चांगल्या भागातलं माझ्याकडे सारत होत्या. राग असेल तर तो जेवणात नव्हता. नियम एकच, फक्त उजवा हात. सई मुळात डावखुरी. देवापुढे प्रसादाला डावा हात पुढे केला की नीता लहानपणापासून तिच्या हातावर चापट मारायची, तरी ही काही बदलली नाही. इथे मात्र उजव्या हाताने झकास जेवत होती. "आईला सांगू नकोस," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी मी शहाणपणा केला. सई सकाळीच मळ्यावर गेली होती. मी म्हटलं, आपणही जाऊन बघू. ऐन बारा वाजता, डोक्याला काही न बांधता. मळा अर्ध्या मैलावर. पोचलो आणि कुंपणाच्या आत जे पाहिलं त्याने थबकलो: त्या तांबड्या उजाड रानात कांद्याचे, वांग्याचे, अंबाडीचे हिरवेगार वाफे! पंधरा-वीस बायका आणि मधोमध सई, हातात पाइप, मोठमोठ्याने कोणाशी तरी वोलोफ भाषेत हुज्जत घालत. विहीर पावसाआधी आणखी खोल करायची होती, त्यावरून वाद. मी हाक मारायला हात वर केला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तो याय फातूंच्या ओसरीवर. नागपूरच्या पैलवानाला ऊन लागलं होतं. याय फातू ओल्या फडक्याने माझे तळपाय पुसत होत्या. त्यांनी माझं डोकं उचलून पेला ओठांना लावला. तेच रांजणातलं पाणी. गार, जरासं मातकट. मी घटाघटा प्यालो, आणखी मागितलं. त्या मोठ्याने हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"म्हणतायत, आता आलास तू घरी," सई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

संध्याकाळपर्यंत त्या माझ्याजवळून हलल्या नाहीत. गोरखचिंचेच्या गराचं आंबटगोड पेय दर थोड्या वेळाने पाजत राहिल्या. मला संकोच वाटायला लागला तेव्हा शेजारची बाई सहज म्हणाली, अवाच्या वेळी तर त्या चार दिवस बसल्या होत्या. सईने भाषांतर करता करता जीभ चावली.

"अवाच्या वेळी म्हणजे?"

"बाबा, फेब्रुवारीत ना... मलेरिया झाला होता. आता फाइन आहे."

मी उठूनच बसलो. "आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नेक्स्ट फ्लाइटने येऊन मला घेऊन गेला असतास."

गेलोच असतो! त्या क्षणी मनात पक्कं झालं, बस झालं, तिकीट आहे, पोरीला घेऊन जायचं. पण रागाच्या मागोमाग दुसरंही काही येत होतं. माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा मी कॅरीत स्नो साफ करत होतो, आणि ही बाई, जिचं पाणी मी नाकारलं, माझ्या पोरीच्या उशाशी बसली होती. मी हात जोडले. त्यांना हात जोडण्याचा अर्थ कळला की नाही कोण जाणे, त्यांनी माझ्या पायावरचं फडकं बदललं.

पुढचे तीन दिवस मी रोज मळ्यावर गेलो, डोक्याला याय फातूंचं फडकं बांधून. परत जायचा विषय मात्र काढला नाही.

निघायच्या सकाळी बघतो तर दारात तिची बॅग भरून ठेवलेली. मी 'चल' म्हणायच्या आतच शब्द पाळला होता पोरीने. अंगणात सगळा मळा लोटला होता. बायकांनी बाजरीच्या पिठाचं गाठोडं दिलं, आंबे दिले. शेवटी याय फातू आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. डावा.

मी चमकलो. आठवडाभर ज्या बाईने डावा हात परातीला लावू दिला नाही, ती निरोपाला डावा हात देते? पहिल्या दिवसाचं पाणी अजून मनात आहे वाटतं. मी उजवा पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डावाच धरला.

"बाबा, घे," सई म्हणाली. "लांब जाणाऱ्याला इथे डावा हात देतात. मुद्दाम चुकीचा. म्हणजे ती चूक दुरुस्त करायला त्याला परत यावंच लागतं."

बाप्पा रे! आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, ते आणखी काय असतं? मी दोन्ही हातांनी तो डावा हात धरला. मग याय फातू सईकडे वळल्या आणि तिच्यापुढेही डावा हात धरला. सईने हात उचलला नाही. डावखुरी पोरगी, जन्मभर डावा हात पुढे करून चापटा खाल्लेली, आणि आज तो तिच्याच्याने उचलवेना. ती माझ्याकडे बघत होती.

"बॅग आत ठेव," मी म्हणालो. "आणि ताप आला तर त्याच दिवशी फोन करायचा. त्याच दिवशी!"

तिने मला अशी मिठी मारली की आंबे सांडले. सेत-प्लासच्या खिडकीतून तिने हात आत घातला. कुठला, ते सांगायला नकोच.

कॅरीत दार नीताने उघडलं. आधी माझ्यामागे बघितलं, मग गाडीकडे, मग परत माझ्यामागे. मी सगळं सांगितलं: पाणी, ऊन, मलेरियासुद्धा. ती खरंच बोलली नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी सईचा व्हिडिओ कॉल आला. मागे याय फातू, डोक्यावर टोपली. सई स्क्रीनवर डावा तळवा टेकवून बसली.

नीता पोळ्या लाटत होती. कणकेचा उजवा हात तिने पदराला पुसायला घेतला आणि थांबली. मग डावा हात उचलून फोनवर ठेवला.

"डिसेंबरात येते म्हणावं," ती मला म्हणाली. "त्या बाईंना सांगा, माझ्यासाठी रांजण भरून ठेवा."