इस्लँड

‘इस्लँड,’ मी वाचलं, आणि अख्खा वर्ग हसत सुटला.

नाशिकचं कॉलेज. एफवाय. इंग्रजीचा तास. मॅडमनी धडा वाचायला मलाच उठवलं होतं. होडी, वारा, लाटा, सगळं नीट वाचत आले होते मी. त्या एका शब्दाला पाय घसरला. मॅडमही हसल्या. रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, ‘परत म्हण.’

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हटलं परत. येड्यासारखं अजून मोठ्यानं म्हटलं. मागून कुणीतरी माझाच आवाज काढून ‘इस्लँड’ ओरडलं. त्याला मॅडम काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘अगं, आयलंड. एस सायलेंट असतो. तो असतो, पण त्यानं बोलायचं नसतं.’

त्या दिवसापासून माझं नाव इस्लँड. कँटीनमध्ये इस्लँड, एसटी स्टँडवर इस्लँड.

आता मला सांगा, हा शब्द मी ऐकणार कुठं? मी इगतपुरीची. आई तिथल्या एका रिसॉर्टवर खोल्या झाडायची, चादरी बदलायची. पाहुणे इंग्रजी पुस्तकं विसरून जायचे, न्यायला कुणी यायचं नाही. मॅनेजर म्हणायचा, घेऊन जा चूल पेटवायला. आमच्याकडं गॅस होता. तरी आई पुस्तक आणायचीच. माझं सगळं इंग्रजी मी डोळ्यांनी शिकले, डिक्शनरी मांडीवर घेऊन. शाळेतले सरसुद्धा इंग्रजी मराठीतूनच शिकवायचे.

त्या पुस्तकांत एक गोष्ट होती. बेटावर एकटी राहणारी म्हातारी. माझा लेक परत दे म्हणून रोज समुद्राशी भांडायची, त्याला शिव्या घालायची. आई भाकरी करत होती आणि मी ती गोष्ट तिला मराठीतून सांगत होते. सांगता सांगता जळका वास आला. माझ्या आईची भाकरी कधी करपत नाही. त्या दिवशी करपली, आणि तिचं तव्याकडं लक्षच नव्हतं. माझ्याकडं बघत म्हणाली, ‘मंग? म्हातारीनं काय केलं पुढं?’

तिथंच ठरलं माझं. मास्तरीण व्हायचं, आणि इंग्रजीचीच. असल्या गोष्टी त्या भाषेत अडकून पडल्यात, त्या काढून आमच्या माणसांपुढं मांडायच्या. दुसरं काही मनात आलंच नाही.

वर्ष संपलं. पुढं स्पेशल इंग्लिश घ्यायचं तर मॅडमची सही लागायची. स्टाफरूममध्ये गेले. त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. ‘अच्छा,’ म्हणाल्या. हा ‘अच्छा’ आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आजीनंही ऐकलाय, आईनंही. मग गोड आवाजात समजावायला लागल्या. इंग्रजीला कान लागतो, घरात भाषा कानावर पडलेली असावी लागते. ‘तू मराठी घे ना. तुमच्यात छान लिहितात. अनुभव असतात तुमच्याकडे.’

म्हणजे गोष्टी यांनी शिकवायच्या आणि आम्ही फक्त दुःखं पुरवायची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोललेच.

‘मॅडम, मला इंग्रजीच घ्यायचंय. उच्चार तुम्ही शिकवा. त्याचाच पगार घेता ना तुम्ही?’

सही केली त्यांनी आणि पेन टेबलावर आपटलं. उच्चार मात्र शेवटपर्यंत शिकवले नाहीत. ते मी मोबाईलवर ऐकून ऐकून घोटले.

एमएला भाषेचा इतिहास होता. त्यात तोच शब्द पुढ्यात आला. मुळात त्यात एस नव्हताच. जुने लोक एस न घालताच लिहायचे. मग तिकडच्या पंडितांना वाटलं, हा शब्द लॅटिनमधून आलाय. ते चूक होतं, तरी त्यांनी एस घुसवून दिला. लायब्ररीत बसल्या जागी मला हसू फुटलं. मग रडू आलं. शिकलेल्यांच्या चुकीचं स्पेलिंग झालं. माझ्या चुकीचं टोपणनाव झालं.

आज मी नाशिकमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. मॅडमना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

परवा वर्गात एक मुलगी गोष्ट वाचत होती. ‘इस्लँड,’ म्हणाली. एक जण फिस्सकन हसला, त्याला मी जागच्या जागी गप्प केलं. शब्द फळ्यावर लिहिला, एसखाली रेघ मारली आणि चूक मुळात कुणाची, ते आधी सगळ्यांना सांगितलं. मग तिच्याकडून घोटून घेतलं. आयलंड. परत. आयलंड. परत. ती वैतागली तरी सोडलं नाही. कारण उद्या ही कुठल्यातरी मॅडमपुढं उभी राहणार. तिचं आडनाव विचारलं जाणार. त्या म्हणणार, अच्छा.

तेव्हा गप्प बसायचं नाही, असं मी तिला बजावलंय. आणि उत्तर इंग्रजीतच द्यायचं.