दगडातली सुमती

आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुणी नळाजवळची फरशी खसाखसा घासायला लागलं, की खिडकीतून हाक यायची, "हळू गं, बिऱ्हाडं आहेत तिथे!" बिऱ्हाडं जंतूंची. हाक जंतूकाकांची. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर जंतू वाढवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी लग्न होऊन आले, त्याच वर्षी चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला; पण काका दुपारभर पाहत बसत ती फरशीच.

फरशी शहाबादी. सुमतीकाकूंनी एकदा भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून तिच्या कडेला स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं, धुण्याची जागा कुणी बळकावू नये म्हणून! काकू गेल्या. त्यांचा धड फोटोसुद्धा नव्हता. काकांपाशी उरली ती एवढी तीन अक्षरं.

"शहाबादी म्हणजे चुनखडीच," काका भिंग पुसत सांगायचे. "जंतू ती खात नाहीत गं, नुसते राहतात. राहता राहता त्यांच्यातून आंबट सुटतं, त्यात दगड कणाकणानं विरघळतो. खाचेत ओल टिकते ना, म्हणून गर्दी तिथे." खाच झिजून उथळ झालेली; त्या गर्दीनंच अक्षरं काळी उठून दिसायची. नळ ठिबकत राही आणि ऐकता ऐकता मलाही वाटे, दगड श्वास घेतोय.

काका गणपतीला गावी गेले आणि माझ्या सासूबाई त्या बुळबुळीत फरशीवर घसरल्या. मी रागारागानं ॲसिड ओतून ती घासली. झकास निघाली. गावाहून आलेले काका पाय धुवायला वाकले, तर नाव दिसेना.

"वाट लावलीस गं," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस खिडकी बंद होती. तिसऱ्या दिवशी ते तांब्याभर पाणी घेऊन आले, फरशी बोटांनी चाचपली. "खाच आहे अजून. ओल ठेवली तर येतील परत. त्यांना कुठे राग असतो?" मग रोज सकाळी तो तांब्या. मी माफी मागायला गेले की विचारत, "सासूबाईंचा पाय कसा आहे?"

उन्हाळ्यात काकाही गेले. तांब्या मी उचलला.

भाद्रपदातल्या एका दुपारी कडेला काळसर 'सु' दिसला. चार दिवसांनी अख्खं नाव. मी सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्या भिंतीला धरून वाकल्या.

"आली बघ सुमती," म्हणाल्या. "आता घासू नकोस हो. मी जपून चालीन."