काळ्या टेपचा चौकोन

"लोड किती होता?" हा काकांचा ठरलेला प्रश्न. कुणी म्हणालं, नवे मॅनेजर फार शांत स्वभावाचे आहेत, की काका सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत विचारणार, "लोड किती होता तवा?" बंद मशीनची वायर थंडच लागते, मशीन भरात चाललं की तिचं खरं कळतं, हा त्यांचा धंद्यातला धडा. तो ते माणसांनाही लावत आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत.

अंबडच्या आमच्या कारखान्यात ते वायरमन होते. मी मेंटेनन्सचा इंजिनीअर, वयाने त्यांच्या निम्मा आणि हुद्द्याने वर. असली उलटी उतरंड तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. ते मला साहेब म्हणायचे, मी त्यांना काका. काम कोण कुणाला शिकवतंय हे मात्र सगळ्या खात्याला ठाऊक होतं.

विजेच्या पॅनलजवळून जाताना त्याच्या बंद दाराला हाताची उलटी बाजू लावून बघायची त्यांची सवय होती, घरात तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. उलटीच का, असं मी एकदा विचारलं. "तळव्यानं धरलं तर करंट सोडत नाय, साहेब. उलटा हात झटक्यानं मागं येतो." त्या हाताला दोन-तीन अंशांचा फरक कळायचा.

मग उष्णता रंगांत दाखवणारा थर्मल कॅमेरा आला. मला वाटलं, म्हातारा नाक मुरडणार. पण ते लहान मुलासारखे रमले. पहिल्याच दिवशी पॅनलमधल्या तांब्याच्या चकचकीत पट्टीवर कॅमेरा रोखला आणि ओरडले, "आरं, हे तर माझंच तोंड हाय!" खरंच, पडद्यावर पट्टीत त्यांच्या चेहऱ्याची ऊब उमटली होती. आम्ही हसलो, ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आले. "चकचकीत तांबं स्वतःचं सांगत नाय. समोरच्याचं दाखवतं. त्याला काळं लावलं की मग खरं बोलतं."

दिवाळीत कारखाना बंद, वीज बंद. तेवढ्यात त्यांनी प्रत्येक जोडावर नखाएवढा काळ्या टेपचा चौकोन चिकटवला. खंडेनवमीचं कुंकू पॅनलच्या दारावर होतंच. "कुंकू बाहेर, टेप आत," म्हणाले. पुढे कारखाना सुरू झाल्यावर, भर लोडवर, ते टेपवर कॅमेरा धरत आणि तिन्ही फेजचे आकडे शेजारी शेजारी बघत. "तिघं भाऊ सारखेच तापले पाहिजेत. एकालाच ताप आला तर समजायचं, नट ढिला झालाय."

आता माझी करणी सांगतो. परदेशी ग्राहक कारखाना बघायला येणार होते. सगळं लखलखीत हवं होतं आणि मला ते काळे चौकोन डागांसारखे दिसले. सुट्टीच्या दिवशी मी ते काढायला लावले. काका म्हणाले, "साहेब, पॅनलचं डोळं काढताय."

"पाहुणे गेले की परत लावू, काका."

परत लावायला वीज बंद ठेवावी लागते. प्रॉडक्शनवाल्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही.

वार्षिक तपासणीला पट्ट्या निळ्याशार दिसल्या, थंडगार. नीट पाहिलं तर एका पट्टीत माझीच पुसट आकृती होती. मला कळलं होतं. काका म्हणाले, "टेपेशिवाय मी सही करणार नाय. लय वंगाळ दिसतंय हे." मी एकट्याने सही केली. शेरा लिहिला, सर्व ठीक.

मे महिन्यातली दुपार. सगळी मशीन भरात होती. काकांनी जाता जाता पॅनलच्या दाराला उलटा हात लावला आणि ओरडून तिथल्या दोन्ही ऑपरेटरना बाहेर पिटाळलं. मेन स्विच पाडायला स्वतः गेले. स्विच पडायच्या आत आतला जोड फुटला आणि ज्वाळेने त्यांचे दोन्ही हात होरपळले.

चौकशी दवाखान्यातच झाली. हात बँडेजमध्ये गुंडाळलेले. त्यांनी सांगितलं, "टेपा मीच काढल्या. जुन्या झाल्या होत्या." मी त्याच खोलीत, खुर्चीवर होतो. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. नोकरी जाईल याची भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

पुढे मी ओझरच्या अलीकडे त्यांच्या घरी जात राहिलो. एकदा धीर करून विचारलं, असं का सांगितलंत? म्हणाले, "तुमची नोकरी लांब हाय. माझी सरत आली होती." आणि विषय बदलला.

कातडी भरून आली, पण हातांना गरम-थंड कळेना. चहाने दोनदा ओठ भाजले, म्हणून मुलाने पिस्तुलासारखा थर्मामीटर आणून दिला. तो स्टीलच्या चकचकीत ग्लासावर चुकीचं दाखवी. मग काकांनी काकूंकडून ग्लासावर काळ्या टेपचा चौकोन चिकटवून घेतला. त्यावर नेम धरून म्हणायचे, "बासष्ट. थांबा अजून." आम्ही दोघं थांबायचो. मग विचारायचे, "कारखान्यात टेपा लावल्या ना?"

"लावल्या, काका. स्वतः लावल्या."

"लोडवर बघितलं?"

"बघितलं."

या थंडीत ते गेले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो, तर काकूंनी चहा नेमका त्याच ग्लासात आणला. ग्लास हातात धरवत नव्हता इतका गरम, तरी मी खाली ठेवला नाही.

काकू म्हणाल्या, "कंपनीतल्या त्या टेपा काढायची घाई त्यांनीच केली, साहेब. सोताच म्हणायचे. सोताच्या हातानं हात घालवले." पदराने डोळे टिपले. मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघून विचारलं, "ही टेप आता काढली तर चालंल ना? घासताना आड येती."

सांगायची वेळ तीच होती. समोर फक्त त्या होत्या, चौकशी नव्हती, अधिकारी नव्हता.

मी म्हणालो, "राहू द्या, काकू." एवढंच म्हणालो. बाकीचं त्यांना सांगायचं होतं, ते तुम्हाला सांगत बसलोय.