पोरगी कोणावर गेली?

समोरच्याशी बोलताना सर त्याच्या तोंडाकडे बघत नसत, कानाच्या पाळीकडे बघत. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे कळल्याशिवाय त्यांच्याकडून नमस्कारही परत यायचा नाही. लग्नात लोक नवरीचे दागिने बघायचे, आमचे सर वऱ्हाडाचे कान. तुम्ही भेटला असता तर तुम्हालाही त्यांनी जीभ काढून गोल वळवायला लावली असती.

सौंसरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. अनुवंश शिकवायचा म्हणून त्यांनी शाळेमागे उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला. सगळे वेल उंच निघाले. पोरं म्हणाली, बुटकेपण संपलं. सर म्हणाले, "दिसून नाही राह्यलं म्हणजे नाहीच, असं नसते." पुढच्या पिढीत ते परत येतं हे दाखवायचं होतं, पण बियाण्याला राखलेल्या शेंगा पोरांनी मधल्या सुट्टीत खाऊन टाकल्या. सर कितीतरी दिवस फुगून होते.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या काकूंची सून पांढुर्ण्याहून, माहेरचं बाळंतपण आटोपून आली. मुलगी गोड, पण डोळे घारे. आईबापाचे काळे, आजीआजोबांचे काळे. गल्लीला तेवढं पुरलं. "पोरगी कोणावर गेली?" असं बायका हसून विचारायच्या आणि सून मान खाली घालायची. काकूंनी आधी नातीचं उष्टावण लांबवलं, मग सुनेला कायमचं माहेरी धाडायचं ठरवलं. मुलगा आईपुढे बोलणाऱ्यातला नव्हता.

सरांच्या कानावर हे आलं तसे ते तडक निघाले. मागोमाग मी. आता हे वाटाणा काढणार, अशी मला धास्ती होती. काढलाच. काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमचे वाटाणे शाळेत ठेवा."

सरांनी पोरीला मांडीवर घेतलं, सवयीने तिच्या कानाची पाळी चाचपली आणि विचारलं, "काकू, तुमच्या मायचे डोळे कसे होते?"

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मांजरी म्हणत होते तिले लोधीखेड्यात. लहानपणी मले लय चिडवत तिच्यावरून."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. तिचा आजाही घारा होता.

"दोन्हीकडून आलं, तवा दिसलं," सर म्हणाले. "मधात लपून होतं."

काकूंनी नातीला ओढून घेतलं आणि तिच्या डोळ्यांत बघत रडल्या. "माह्या मायवर गेली व," एवढंच म्हणाल्या. उष्टावण थाटात झालं. सरांनी तिथेही पाहुण्यांचे कान तपासले.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती घारी पोरगी पुढे त्यांच्याच वर्गात शिकली. परवा ती बाळाला घेऊन घरी आली. बाळाचे डोळे काळेभोर. मी गमतीने म्हटलं, घारेपण संपलं म्हणायचं.

तिने बाळाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. "दिसून नाही राह्यलं म्हणजे नाहीच, असं नसते, काका."

सरांचं आणि तिचं रक्ताचं काही नातं नाही. पण पोरगी सरांवर गेली होती.